झुंज चालू ठेवण्याची सोपी पद्धत: नव्या विश्वासणाऱ्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

अभिनंदन. तुमचा बाप्तिस्मा झाला, किंवा लहानपणी झालेल्या बाप्तिस्म्यावर आता दृढीकरणाचा शिक्का बसला. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला, मावश्यांनी डोळे पुसले, फोटोत तुमचे डोळे मिटलेले आले. रविवार फार सुंदर गेला. सोमवारही बरा गेला. मंगळवारी पहाटे नळाला पाणी आले, शेजाऱ्याने मोटार लावून ते सगळे ओढून घेतले, आणि तुमच्या तोंडून जे शब्द निघाले ते उपासनेच्या कुठल्याही पुस्तकात छापलेले नाहीत.

ही मार्गदर्शिका त्या मंगळवारासाठी आहे.

पुष्कळ नवशिके इथेच खचतात. पाण्यातून वर आलेला माणूस कोरा करकरीत असतो, जुन्या माणसाची फाइल कायमची बंद होते, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत त्यांना कोणी करून दिली ते कळत नाही. पौलाने तरी दिलेली नाही. इसवी सन 50 च्या आसपास, आजच्या तुर्कस्तानात असलेल्या गलतीयातल्या मंडळ्यांना त्याने पत्र लिहिले आणि सांगून टाकले, की विश्वास ठेवणाऱ्याच्या आत देहस्वभाव आणि पवित्र आत्मा यांचे जमत नाही. एकाला हवे ते दुसऱ्याला नको असते. पुढे रोमकरांना लिहिताना, सातव्या अध्यायात, तो चक्क 'मी' म्हणून बोलतो: जे चांगले करावेसे वाटते ते माझ्याकडून होत नाही आणि जे नकोसे वाटते तेच मी करून बसतो.

हा 'मी' नेमका कोण, यावर विद्वानांचे आजही एकमत नाही. विश्वास ठेवण्यापूर्वीचा माणूस, की नंतरचा? संत ऑगस्टीन यांनी आधी पहिले मत धरले होते. पुढे पेलागियस नावाच्या धर्मशिक्षकाच्या बाजूच्या लोकांशी वाद घालता घालता ते बदलले: हा स्वतः पौल आहे, आणि तोही प्रेषित झाल्यानंतरचा. नवशिक्याने दोन्ही मते हाताशी ठेवावीत. भावकीतल्या कोणाचा तोल गेला तर पहिले काढावे ('त्याचं खरं परिवर्तन झालंच नव्हतं'), स्वतःचा गेला तर दुसरे ('प्रत्यक्ष पौलाला जमलं नाही, तिथं माझं काय').

शत्रूचा पत्ता

झुंजीचा पहिला नियम असा, की शत्रूचा पत्ता लिहून ठेवावा आणि तो चुकीचा लिहावा. देहस्वभाव म्हणजे देह, असे धरून चालल्याने काम फार सोपे होते. शत्रू मग कमरेखाली राहतो, फार तर पोटात, किंवा हातातल्या ग्लासात. तो बारमध्ये सापडतो, सिनेमाच्या पोस्टरवर सापडतो, तरुण पोरांच्या मोबाइलमध्ये तर हमखास सापडतो. वयाची पन्नाशी ओलांडली, रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी सगळेच बंद केले, की आत्म्याचा विजय झाला असे जाहीर करता येते.

यात एकच अडचण येते, ती गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाची. तिथे पौलाने देहस्वभावाच्या पंधराएक कर्मांची यादी दिली आहे. सुरुवातीला व्यभिचार आणि चेटकांपर्यंतचे त्याचे भाऊबंद, शेवटी दारू आणि धिंगाणा. तेवढे आपल्याला पाठ असते. पण मध्ये वैर, भांडण, जळफळाट, संताप, स्वार्थी चढाओढ, तट, गट, हेवा, असा आठांचा मोठा घोळका उभा आहे. म्हणजे यादीतला निम्म्याहून अधिक माल बारमध्ये मिळत नाही, तो उपासना संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर मिळतो. आणि तो विकत घ्यायला शरीर लागतच नाही. खुर्चीत स्वस्थ बसून, डोळे मिटून, हात जोडूनसुद्धा हेवा उत्तम करता येतो.

म्हणून हा उतारा वाचून दाखवायची वेळ आली, तर वाचनाचा वेग सांभाळावा. चेटके येईपर्यंत सावकाश, एकेक शब्दावर थांबत वाचावे. मधला घोळका एका दमात पार करावा. दारूपाशी पुन्हा वेग कमी करून मागच्या बाकाकडे पाहावे. तिथे बसणारे कोण, ते सर्वांना ठाऊक असते.

हिंदू घरातून आलेल्या नवशिक्याला इथे आपले षड्रिपू आठवतील, आणि आठवावेतच. आतल्या शत्रूची दखल घेणारे आपण पहिले नव्हे. तुकोबांनी मनाशी चाललेला रात्रंदिवसाचा झगडा जितका उघडावागडा मांडला, तितका फार थोड्या धर्मोपदेशकांना मांडता आला आहे. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असे रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत, ते काही उगाच नव्हे. फरक एवढाच, की षड्रिपूंतला मद-मत्सर माणूस एकट्याने करतो असे आपण समजतो. पौलाच्या यादीतले तट आणि गट पाडायला मंडळी लागते. निदान दोन कुटुंबे.

पंचकमिटी, अर्थात सरावाचे मैदान

या भागावर जरा जास्त वेळ द्यावा. इतरत्र नवशिक्याला स्वतःच्या देहस्वभावाशी लढावे लागते. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीत तो दुसऱ्याच्या देहस्वभावाशी लढू शकतो.

बैठकीची सुरुवात प्रार्थनेने करावी. प्रार्थना विरोधी गटातल्या माणसाने केली तर तीत आपल्यासाठी काय ठेवले आहे ते नीट ऐकावे. 'प्रभू, तू अंतःकरणे पारखणारा आहेस, जे तुझ्या मंदिरात स्वार्थासाठी येतात त्यांनाही तू क्षमा कर', हा टोमणा आहे. तो देवाच्या पत्त्यावर पाठवला असला तरी पोचवायचा आपल्याला आहे. अशा वेळी 'आमेन' इतरांपेक्षा मोठ्याने म्हणावे, म्हणजे आपल्याला लागले नाही हे सिद्ध होते. मग आपली पाळी आली की 'प्रभू, आम्हांला नम्रता दे' अशी सुरुवात करून 'आम्हांला' या शब्दावर समोर पाहावे.

विषय कुठलाही चालतो. पेटी घ्यायची की कीबोर्ड. जुन्या मिशनऱ्यांच्या बंगल्याचे भाडे. दान दिलेल्या पंख्याच्या पात्यांवर नाव रंगवायचे की नाही. नगर, सोलापूर, जालना, मिरज, जिथे जिथे मिशनऱ्यांनी गेल्या दोन शतकांत शाळा, दवाखाने आणि ऐसपैस कंपाउंडे उभारली, तिथे त्या कंपाउंडांची किंमत आता अशी वाढली आहे, की चौरस फुटामागे किती आत्मिक मतभेद मावतात याचा अंदाज यावा. मतभेद पुरेसे पिकले, की दोन्ही बाजूंनी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात आपापले चेंज रिपोर्ट दाखल करावेत. मंडळीतल्या बंधूंनी आपसातले तंटे न्यायासनापुढे नेऊ नयेत, असे पौलानेच करिंथकरांना लिहिले आहे. पण त्याने ट्रस्ट नोंदवलेला नव्हता.

आणि नवशिक्याने एक गोष्ट विसरू नये: यातले काहीही तुम्ही स्वतःसाठी करत नाही. प्रभूच्या घरासाठी करता. देहस्वभावाला हा पोशाख सर्वांत शोभून दिसतो. दारूच्या दुकानात शिरताना तो निदान इकडेतिकडे पाहतो. चर्चमध्ये तो पुढच्या बाकावर बसतो.

आता नको

संकल्प मुबलक करावेत. 31 डिसेंबरच्या रात्रीची उपासना त्यासाठीच असते. बारा वाजायला पाच मिनिटे असताना गुडघ्यावर केलेला संकल्प विशेष चांगला, कारण त्याची अंमलबजावणी पुढच्या वर्षी करायची असते.

या तंत्राचे आद्य आचार्य पुन्हा ऑगस्टीनच. जन्म 354, उत्तर आफ्रिकेतला. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर शेजारच्या बागेतली नासपाती चोरली, त्यांतली बहुतेक डुकरांना घातली, आणि पुढे बिशप झाल्यावर त्या नासपातींवर पानेच्या पाने लिहिली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती, मग चोरली का, तर चोरी करायची होती म्हणून. तरुणपणी त्यांनी देवाकडे शुद्ध आयुष्य मागितले, पण इतक्यात नको अशी पुस्ती जोडून. देव ताबडतोब ऐकेल की काय अशी धास्ती होती, हेही त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. लग्न ठरले म्हणून अनेक वर्षांची सोबतीण आफ्रिकेला परत पाठवली, आणि वधू वयात येईपर्यंत धीर धरवेना म्हणून दरम्यान दुसरी ठेवली. 386 साली मिलानमधल्या एका बागेत, रोमकरांस पत्र उघडून, हे सगळे एकदाचे सुटले. पुढच्या वर्षीच्या ईस्टरला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

साक्षी देणारे लोक गोष्ट इथे थांबवतात आणि टाळ्या मिळवतात. तुम्हीही थांबवा. कारण हे सगळे ज्यात लिहिले आहे त्या त्यांच्या 'कबुलीजबाबा'चा दहावा भाग वाचला तर पंचाईत होते. आता लेखक बिशप आहे, बागेला दहाएक वर्षे उलटली आहेत, आणि तो बसून अजून काय काय सुटलेले नाही ते मोजतो आहे. जागेपणी सुटले ते स्वप्नात येते. जेवण औषधासारखे घ्यायचे ठरवले आहे, पण गरज कुठे संपली आणि चव कुठे सुरू झाली ते कळत नाही, आणि न कळणे सोयीचेही आहे. चर्चमधले गाणे ऐकताना शब्दांपेक्षा सूरच अधिक हलवतात, हे पाप की काय? सर्कशीतली शिकार पाहायला जाणे सोडले, पण शेतातून जाताना कुत्रा सशामागे धावला की मन त्याच्यामागे धावते. घरी बसलो तर पाल माश्या पकडताना पाहत राहतो. आणि सर्वांत चिवट म्हणजे स्तुतीची हाव. ती तुच्छ मानावी, तर स्तुतीला तुच्छ मानणारा म्हणून स्वतःचीच स्तुती आतून सुरू होते.

मला हा भाग नासपातींपेक्षा मोठा वाटतो. चोर पकडला गेल्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. चोर सुटल्यावर कोतवाल झाला आणि मग रोज स्वतःच्याच खिशात हात घालून पाहू लागला, ही गोष्ट दुर्मीळ आहे.

गायनमंडळातल्या नवशिक्यांसाठी वेगळी सूचना: टिळकांचे भजन चालू असताना ऑगस्टीनसारखे सूर-शब्दांच्या फंदात पडू नये. दुसरे कडवे यंदा कोणाला दिले, एवढ्यावर चित्त एकाग्र करावे.

दुपारी बारा

एकांतातल्या प्रार्थनेचा प्रश्न उरतो. इजिप्तच्या वाळवंटात राहणारे इव्हाग्रियस नावाचे साधू होते. 399 साली वारले. माणसाला सतावणाऱ्या आठ विचारांची यादी त्यांनी केली. पुढे तिचीच सात महापापे झाली. त्यांत त्यांनी सर्वांत जड ठरवला तो दुपारचा सैतान. तो सकाळी दहाच्या सुमारास येतो आणि दोनपर्यंत हलत नाही. करतो काय? काहीच नाही. दिवस पन्नास तासांचा वाटायला लावतो. खोपटाच्या खिडकीकडे बघायला लावतो. सूर्य कुठवर आला, जेवणाला किती अवकाश, कोणी भेटायला येते आहे का. मग सुचवतो, की देवाची भक्ती कुठेही करता येते, तिला ही जागाच कशाला हवी?

त्या बिचाऱ्या साधूला उठून खिडकीपर्यंत जावे लागे. तुमची सोय झाली आहे. पवित्र शास्त्र मोबाइलवरच वाचायचा नियम करा. तलवार आणि शत्रू एकाच खिशात राहतात. स्तोत्र उघडले की वरून पट्टी सरकते: मंडळीच्या ग्रुपवर सत्तेचाळीस संदेश, त्यांत फुलांच्या चित्रावर लिहिलेली चाळीस वचने. ती न वाचता पुढे पाठवणे हीदेखील सेवाच आहे.

हिशेबाची वही

लोयोलाच्या इग्नाशियसनी (यांच्याच जेझुइट संघातले फादर स्टीफन्स पुढे गोव्यात आले आणि त्यांनी मराठीत 'क्रिस्तपुराण' रचले) एक कडक पद्धत घालून दिली आहे. एक दोष निवडायचा. दिवसाला दोन, अशा ओळी मारायच्या. दुपारी आणि रात्री मन तपासायचे आणि जितक्यांदा तो दोष घडला तितके ठिपके त्या त्या वेळच्या ओळीवर द्यायचे. कालच्यापेक्षा आज ठिपके कमी का, या आठवड्यात कमी का, ते बघायचे. कारकुनी वाटते, पण ज्याने आठवडाभर करून पाहिले त्याला स्वतःविषयी मोठी मते बाळगणे अवघड जाते.

म्हणूनच नवशिक्याने ही वही दुसऱ्याच्या नावाने ठेवावी. ठिपके भराभर पडतात आणि उत्साह टिकतो. जमलेला हिशेब कुठे मांडायचा? घरगुती प्रार्थनासभेत.

"ताई, एक प्रार्थनाविषय आहे. जास्त सांगत नाही."

"सांग ना गं. भाराने प्रार्थना करता येते."

"वरच्या आळीतलं घर. मुलगा. पुण्याला असतो तो. एवढंच म्हणते. प्रभू जाणतो."

प्रभू तर जाणतोच. चहा येईपर्यंत बाकीचेही जाणतात. देहस्वभावाच्या यादीत चहाडी नाही, असा बचाव कोणी करील, पण रोमकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात पौलाने तीही टिपून ठेवली आहे, खुनाच्या शेजारी.

उलट टोकाचा प्रकार मार्टिन ल्यूथर यांच्या बाबतीत झाला. ते 1505 साली एरफुर्टच्या मठात शिरले, आणि पापकबुलीला बसले की कधी कधी सहा सहा तास उठत नसत. उठून दाराबाहेर गेले, की राहिलेले एखादे आठवे आणि परत येत. त्यांचे वडीलधारे श्टाउपित्स शेवटी वैतागून म्हणाले असे सांगतात, की बाबा रे, या फुटकळ गोष्टी आणू नकोस, काही मोठे पाप करून ये. ल्यूथरनी पुढे जे सांगितले ते नवशिक्याला गोंधळात पाडते: विश्वास ठेवणारा एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो, अर्धा अर्धा नव्हे, पुरता दोन्ही. हे वाक्य प्रवचनात ऐकायला छान आहे. घरी मुलावर हात उगारताना आठवले, की छान वाटत नाही.

साक्ष कशी द्यावी

भूतकाळात. याहून महत्त्वाची सूचना या पुस्तिकेत नाही. एकही पाप बाप्तिस्म्याच्या तारखेच्या अलीकडे येता कामा नये. 'मी फार रागीट होतो' चालते. 'परवा' हा शब्द चालत नाही.

या बाबतीत पंडिता रमाबाईंचे उदाहरण नवशिक्यांपासून दूर ठेवावे. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटिज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मग अमेरिका, पुस्तक, मुंबईत शारदा सदन, जगभर नाव. आणि 1907 साली साक्ष लिहिताना बाई सांगतात काय, तर बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्या ध्यानात आले, की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. इतकी मोठी सेविका, आणि रिकामेपण नेमके चुकीच्या बाजूला दाखवते! अशाने सगळ्यांनाच आपापली आठ वर्षे तपासावी लागतील. 1905 मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन आले, तेव्हा रडून रडून पापे कबूल करणाऱ्या मुली तिथल्याच होत्या, रोज प्रार्थना करणाऱ्या.

रमाबाईंकडून शिकण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती थट्टेत घालवण्यासारखी नाही. वाँटिजच्या सिस्टर जेराल्डिन आणि रमाबाई यांचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे. त्रैक्य, ख्रिस्ताचा जन्म, चर्चचा अधिकार यांवर रमाबाई प्रश्न विचारतात, आणि सिस्टरबाईंना त्यात पुन्हा पुन्हा गर्व दिसतो. रमाबाईंचे उत्तर असे, की भारतातल्या पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून काढले आहे, आता तसलेच दुसरे चढवून घेणार नाही. हा गर्व होता? असेलही थोडा. पण दुसऱ्याच्या सदसद्विवेकाला देहस्वभाव म्हणून गप्प बसवणे ही धर्मातली फार जुनी आणि फार सोपी युक्ती आहे, आणि ती वापरणाऱ्याला आपला देहस्वभाव कामाला लागला आहे याचा पत्ता नसतो. म्हणून नवशिक्याने ती लवकर शिकून घ्यावी: ताळेबंद मागणारी बाई नम्र नाही, भाड्याचा हिशेब विचारणारा तरुण आत्म्यात थंड आहे.

टिळकांचेही तसेच. 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 साली. मधल्या वर्षांची आणि नंतरची हकिगत लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. ख्रिस्ती झालेल्या कवीचा भडका उडायचा तो उडतोच. घरात नसताना दुसऱ्याला देऊन टाकणे, हेही चालूच. तो उदारपणा आत्म्याचा म्हणावा, तर झळ बायकोला लागते. देहस्वभावाचा म्हणावा, तर घेणाऱ्याची चूल पेटलेली असते. लक्ष्मीबाई निवाडा करत बसत नाहीत. त्या हसतात आणि पुढचा प्रसंग सांगतात. या विषयावर मराठीत याहून शहाणे लिखाण माझ्या वाचनात नाही, आणि त्यात या विषयाचे नावही नाही.

सुगीच्या सणाचा लिलाव

प्रात्यक्षिक पाहायचे असेल तर सुगीच्या सणाला जावे. वेदीपुढे ऊस, ज्वारीची कणसे, केळीचे घड, कोंबडा, घरची लोणची. उपासनेनंतर लिलाव. भोपळा निघतो. बाजारात साठ रुपये. पहिली बोली शंभर, प्रभूच्या गौरवासाठी. दोनशे, प्रभूच्या गौरवासाठी. मग वरच्या आळीतले काका पाचशे म्हणतात, आणि खालच्या आळीतले काका, ज्यांची बहीण वरच्या काकांच्या भावाला दिली होती आणि जिच्या बांगड्यांचा विषय अजून मिटलेला नाही, ते आठशे म्हणतात. इथून पुढे भोपळ्याचा संबंध संपतो. तीन हजारांवर हातोडा पडतो. जिंकलेल्या काकांना घरी भोपळा कोणी खात नाही हे रस्त्यात आठवते.

आता सांगा, हे तीन हजार कोणी दिले? दानपेटीला विचारले तर ती सांगणार नाही. त्या पैशांतून एका विधवेच्या घराचे पत्रे बदलले गेले आणि पावसात ती कोरडी राहिली. नवशिक्याने यावर फार विचार करू नये. थोरामोठ्यांचीही गणिते इथे चुकली आहेत.

जिंकल्यास

सांगू नये. फारच वाटले तर सांगण्यापूर्वी जॉन वेस्ली आठवावेत. प्रीतीत परिपूर्ण होणे याच जन्मी शक्य आहे, असे ते आयुष्यभर शिकवत राहिले, आणि आपण तिथे पोचलो असा दावा मात्र त्यांनी कधी ठामपणे केल्याचे दिसत नाही.

उपवासाबद्दलही तेच. चाळीस दिवस चहा सोडला असेल, तर निदान घरच्यांवर खेकसू नका. त्यांनी काही सोडलेले नाही.

नेहमीच्या अडचणी

झुंज थांबली आहे, आत अगदी शांत वाटते. काय करावे? दोन शक्यता आहेत. एक, तुम्ही संत झालात. दुसरी घरच्यांना विचारावी.

तेच पाप पुन्हा पुन्हा होते आणि कबूल करायची लाज वाटते. ही तक्रार पाळकांपर्यंत नेली तर कदाचित ते सांगतील, की लाज वाटते आहे तोवर बरे आहे. पौलाला दोन बाजू दिसल्या कारण दोन बाजू होत्या, आणि ज्याच्या आत फक्त देहस्वभाव नांदतो त्याचे कोणाशी भांडण होणार? असे पाळक भेटले तर बदलीचा अर्ज करू नये, आपल्याही आणि त्यांच्याही.

हे किती दिवस चालते? वाळवंटातले संत अँथनी शंभरी ओलांडून वारले असे सांगतात. शेवटच्या श्वासापर्यंत मोहाची अपेक्षा ठेवा, असा त्यांचा उपदेश त्यांच्या शिष्यांनी जपून ठेवला. त्यांच्या वयातून तुमचे वजा करून पाहा.

या पुस्तिकेतल्या सगळ्या सूचना पाळल्या, तरी विरोधी गटातल्या माणसाला दवाखान्यात डबा नेऊन द्यावासा वाटतो. ही गंभीर बाब आहे आणि पद्धतीत तिच्यावर इलाज नाही. देहस्वभावाचे डावपेच सांगता येतात, कारण ते ठरावीक आहेत. आत्मा कुठून येईल ते कोणाला लिहून देता आलेले नाही. पौलानेही त्यासाठी कवायत सांगितली नाही, आत्म्याच्या प्रेरणेने चाला एवढेच म्हटले. तेव्हा डबा नेणारच असाल तर निदान हे टाळा: कोणी पाहते आहे का ते बघणे, आणि कोणी पाहिले नाही म्हणून नंतर हळहळणे. दुसरे टाळणे अवघड आहे. दवाखान्यात भेटीची वेळ चार ते सहा असते. भाजीत मीठ कमी घालावे, पेशंटला बीपी आहे.

छपाईविषयी: ही मार्गदर्शिका मंडळीतल्या दोन्ही गटांना वाटण्यासाठी दोन वेगळ्या मुखपृष्ठांत छापली आहे, निळ्या आणि पांढऱ्या. आतला मजकूर एकच आहे. दुसऱ्या गटाच्या प्रतीत काय लिहिले आहे, याची चौकशी करणारे फोन रविवारी दुपारी दोन ते चार घेतले जाणार नाहीत.